एअरबोटचा गोंगाट: आधी सायलेन्सर की आधी पंखा?

एअरबोट म्हणजे मागे बसवलेल्या मोठ्या पंख्याच्या रेट्याने पळणारी सपाट तळाची बोट. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीत तिच्यात बसताना आधी कानाला संरक्षण देतात, मग निघतात. हा आवाज दोन ठिकाणांहून येतो: इंजिनाच्या धुरांड्यातून आणि पंख्यातून.

सायलेन्सर हा स्वस्त उपाय. फ्लोरिडाच्या कायद्याने तो लागतोच. नुसते उघडे पाइप चालत नाहीत. पण समजा, इंजिन आणि पंखा दोघेही सारखेच ओरडत आहेत. इंजिन पूर्ण गप्प केलं तरी एकूण आवाज फक्त 3 डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. डेसिबलचं गणित असं निर्दयी आहे.

खरा दंगेखोर बहुतेकदा पंखाच. 1.83 मीटर व्यासाचा पंखा विमानाच्या इंजिनाला थेट जोडून मिनिटाला 2,700 फेरे फिरवला, तर पात्यांची टोकं सेकंदाला सुमारे 259 मीटर वेगाने धावतात. ध्वनीचा वेग साधारण 345. टोकं त्याच्या जितकी जवळ, तितका तो कर्कश फटफटाट वाढतो. मोटारीचं व्ही-8 इंजिन आणि मध्ये वेग उतरवणारा गिअरबॉक्स घालून फेरे 2,100 वर आणले, की टोकांचा वेग 201 वर येतो. कमी वेगात तेवढाच रेटा हवा म्हणून पाती रुंद किंवा संख्येने जास्त घ्यायची.

गिअरबॉक्स महाग, वजन वाढवणारा, शिवाय त्याच्या तेलाकडेही लक्ष हवं. तरी सायलेन्सर आधीच धड असेल, तर मी पुढचा पैसा पंख्यावरच घालेन. सायलेन्सर गंजून फुटला असेल, तर मात्र आधी तो.