कोथिंबीर गोव्याला, द्राक्षं युरोपला: रेसिड्यू कशाने तपासायचा?

बेळगाव तालुक्यातून रातोरात गोव्याला जाणारी कोथिंबीर आणि अथणीच्या बागेतून युरोपला निघालेली द्राक्षं, दोन्हींना रेसिड्यूची, म्हणजे मालात उरलेल्या फवारणीच्या औषधाची, एकच तपासणी लावली तर पैसे तरी जातात, नाहीतर माल तरी.

गाडी भरायच्या आत उत्तर हवं असेल तर एन्झाइमची पट्टी. तिच्यावर एक पांढरी आणि एक लाल टिकली असते, आणि औषधाने एन्झाइम अडलं का ते रंगावरून कळतं. ५ ग्रॅम भाजीवर १० मिलि बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालून हलवायचं, २ मिनिटं ठेवायचं. त्यातले २-३ थेंब पांढऱ्या टिकलीवर टाकून पट्टी ३७ अंशांवर १० मिनिटं, मग लाल टिकली त्यावर दुमडून ३ मिनिटं. पांढरी टिकली निळी झाली तर बरं. पांढरीच राहिली तर एन्झाइम अडलं, म्हणजे औषधाचा संशय. थंडीत मात्र भाजी स्वच्छ असूनही निळा रंग उतरत नाही, म्हणून सोबत नुसत्या बफरची एक पट्टी लावायचीच. पट्टीला ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या कीटकनाशकांच्या दोन गटांपुरतंच कळतं. इमिडाक्लोप्रिड, सायपरमेथ्रिन आणि बुरशीनाशकं तिच्या नजरेतून सुटतात. ऑर्गॅनोफॉस्फेट असूनही क्लोरपायरीफॉस मूळ रूपात एन्झाइमला फारसं अडवत नाही. उलट कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर यांचा रसच तिला फसवतो, म्हणून कोथिंबीर चिरायची नाही. चाळणी म्हणून पट्टी ठीक. व्यापाऱ्यापुढे पुरावा म्हणून ती टिकत नाही.

प्रयोगशाळेत बहुतेक मालाची सुरुवात क्वेचर्सने, म्हणजे मालातलं औषध अर्कात काढून तो साफ करण्याच्या पद्धतीने, होते. ही पद्धत २००३ साली प्रसिद्ध झाली. १० ग्रॅम लगद्यात १० मिलि असिटोनायट्राइल, नंतर ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ. मीठ पडल्या पडल्या जोरात हलवलं नाही तर गुठळ्या होतात आणि औषध पुरतं निघत नाही. पालेभाजीचा हिरवा रंग काढायला कार्बन वापरतात. तो जास्त झाला तर थायाबेंडाझोल, क्लोरोथॅलोनिल रंगाबरोबरच जातात.

पुढे अर्कातली औषधं वेगळी करून मोजणारं यंत्र कोणतं: वायूवर चालणारं जीसी की द्रवावर चालणारं एलसी? फवारणीची वही उघडा. बायफेनथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन, क्लोरोथॅलोनिल असेल तर जीसी-एमएस/एमएस. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, असिफेट, कार्बेन्डाझिम, इमामेक्टिन असेल तर एलसी-एमएस/एमएस. संकेश्वरी वाळल्या मिरचीला दोन्ही लावा, आणि ती कोणत्याही यंत्राला जड जाते हे धरून चाला. २ ग्रॅम पूड आधी १० मिलि पाण्यात भिजवावी लागते. तिचा रंग आणि तेल एलसीत संकेत दाबतात, जीसीचं तोंड घाण करतात. मानक द्रावण (ज्याच्याशी तुलना करून औषध मोजतात ते) स्वच्छ मिरचीच्याच अर्कात बनवता का, हे विचारून घ्या. त्यावर गडबडणारी प्रयोगशाळा मिरचीसाठी नको.

या दोन्हींतून निसटणारी औषधं वेगळीच. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाला स्टॅनस क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लात तापवून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात. कोबीत गंधक मुळातच असतं, त्यामुळे न फवारलेल्या कोबीतही आकडा दिसू शकतो. ग्लायफोसेट, इथेफॉन आणि द्राक्षातली सीसीसी (क्लोरमेक्वाट, वाढ रोखणारं औषध) यांना मिथेनॉलची स्वतंत्र पद्धत लागते. २०१० मध्ये सीसीसीनेच भारतीय द्राक्षांना युरोपात अडवलं. प्रयोगशाळेच्या तपासणीच्या यादीत ज्या औषधाचं नाव नाही, त्याबद्दल ‘आढळले नाही’ या शेऱ्याला काही अर्थ नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतापत्रातली यादी फवारणीच्या वहीशी ताडून बघा. मोजमापाची खालची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो आणि रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या औषधापैकी किती परत मोजलं जातं) ७० ते १२० टक्के आहे का, तेही बघा.

नमुन्यासाठी कोबीचे निदान ५ गड्डे, मिळून २ किलो तरी. फक्त सडकी, वाळकी पानं काढा. गड्डे धुऊ नका, बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी रवाना करा. मॅन्कोझेबचा नमुना आधीच बारीक करून पाठवू नका, रसात ते फुटून जातं.