टाकीसाठी मिस केरळा मासा घ्यायचा असेल तर कोल्हापुरात राजारामपुरीतलं हे दुकान बघाच

मिस केरळा मागितला की मालक आधी टाकी किती फुटी ते विचारतात, हे मला लई आवडलं. दोन फुटी म्हटलं तर सरळ नको म्हणतात, कारण हा मासा १५ सेंमीपर्यंत वाढतो, कळपानं राहतो आणि पळायला लांबलचक जागा लागते, चार फुटीच्या खाली विषय नाही. मूळचा केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या वाहत्या, खडकाळ नद्यांतला, त्यामुळं पाण्यात ऑक्सिजन भरपूर पाहिजे आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेत पाणी तापलं की त्याला सोसत नाही, म्हणून पंखा लावा म्हणाले.

त्यांच्या टाकीत फिल्टरच्या धारेसमोर तोंड करून पोहत होते सगळे, नाकाडापासून डोळ्यावरून जाणारी लाल रेघ, खाली शेपटीपर्यंत काळा पट्टा, नुसतं बघत उभं राहावं! नद्यांतून बेसुमार पकडल्यामुळं हा मासा धोक्यात आलाय, म्हणून इथं हॅचरीतलेच, म्हणजे केंद्रात पैदास केलेलेच ठेवतात, हे महत्त्वाचं. टाकीला झाकण मात्र घ्याच, उड्या मारतोय.

भाव थोडा जास्त आहे, पण मासे तब्येतीनं एकदम ठणठणीत. पार्किंगचे हाल, संध्याकाळी जाऊ नका.