डिस्चार्ज बुक कुणाच्याही हातात देऊ नका

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मराठा पलटणीतून 1985 साली नाईक म्हणून पेन्शनीला आले. आता वय 76. गेल्या वर्षी एका माणसाने त्यांच्याकडून 36,000 रुपये आणि मूळ डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, नेलं. पैशाचं एक वेळ सोडून देईन, पण त्या पुस्तकाचं सोडवत नाही. आमच्या सातारा भागात घरटी एक फौजी असलेली गावं आहेत आणि हा माणूस आमच्या एकट्याच्याच दारात आला असेल असं मला वाटत नाही, म्हणून झालं ते सगळं लिहिते आहे.

सगळ्याचं मूळ एका जुन्या चुकीत आहे. 1971 च्या डिसेंबरात आप्पांची पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या मागे जाऊन बसली होती. 10 तारखेच्या रात्री शहरातली पाकिस्तानी फौज तिथून निसटायला निघाली आणि थेट यांच्या मोर्च्यांवर आली. सकाळी धुकं उठल्यावर समोर काय दिसलं, ते आप्पा कधीच पुरतं सांगत नाहीत. तिथवर आले की गप्प होतात आणि चहा मागतात.

अशा माणसाच्या डिस्चार्ज बुकात मेडलांच्या पानावर ‘पश्चिमी स्टार’ लिहिलेलं होतं. पूर्वेच्या लढाईत उतरलेल्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिम आघाडीवरच्यांना पश्चिमी स्टार, अशी ती दोन वेगळी मेडलं आहेत. आप्पा पश्चिमेला नव्हतेच. लिहिताना कुणाच्या तरी हातून एक शब्द चुकला असणार. प्रत्यक्ष स्टार त्यांना कधी मिळालाच नाही, आलं ते फक्त संग्राम मेडल. इतकी वर्षं त्यांनी हे मनाला लावून घेतलं नव्हतं. पण युद्धाला 50 वर्षं झाली तेव्हा गावात 71 च्या जवानांच्या नावांचा फलक लागला. नावं डिस्चार्ज बुकं बघून लिहिली गेली, त्यामुळे आप्पांचं नाव पश्चिम आघाडीच्या खाली गेलं. त्या दिवशी ते फलकासमोर बराच वेळ उभे होते. घरी येऊन म्हणाले, “माझ्याबरोबरची जी पोरं तिथं राहिली, त्यांना काय सांगू मी?”

तेव्हापासून ते भेटेल त्याला विचारायचे, हे दुरुस्त कसं होईल. आणि जानेवारी 2025 मध्ये फौजी कँटीनच्या रांगेत तो माणूस त्यांना भेटला.

पन्नाशीचा, केस बारीक कापलेले, पायात काळे बूट. “नाईकसाब, जय हिंद” म्हणून त्याने हात जोडले. मी रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोकरीच्या नोंदी ठेवतात तिथे, क्लार्क होतो म्हणाला. रेकॉर्ड, पार्ट टू ऑर्डर, शीट रोल हे सगळे शब्द त्याच्या तोंडात अगदी बरोबर बसलेले. आप्पांचा विश्वास बसला तो या शब्दांवर. शिवाय त्याने पहिल्या भेटीत पैशाचा विषयच काढला नाही. एवढंच म्हणाला, “साहेब, जमालपूरच्या माणसाला पश्चिमी स्टार? हा अपमान आहे.” तीन वर्षं जे कुणी म्हटलं नव्हतं, ते त्याने म्हटलं. आप्पा लोभाला कधीच बळी पडले नसते. त्यांना मानाने पकडलं.

पैशाचं बोलणं दुसऱ्या भेटीत निघालं, तेही माझ्यासमोर, कारण त्या रविवारी मी पुण्याहून गावी आले होते. पूर्वी स्टारवाल्यांना ऑगस्ट 2017 पासून महिना 2,000 रुपये लागू झालेत, तुमच्या पुस्तकात चूक असल्याने तुमचे अडकलेत, असं त्याने सांगितलं. वहीत हिशेब मांडून दाखवला: 90 महिने, 1,80,000 रुपये एरियर्स, म्हणजे मागची थकबाकी.

ही थाप चांगली रचलेली होती, कारण तिच्यात अर्धं खरं होतं. ऑगस्ट 2017 पासून शौर्यपदकांचा मासिक भत्ता खरंच वाढला. परमवीरचक्राला 20,000, वीरचक्राला 7,000 आणि शौर्यासाठी दिलेल्या सेना मेडलला 2,000. त्याने सेना मेडलचा आकडा उचलून पूर्वी स्टारला चिकटवला. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल ही मोहिमेत हजर असल्याची मेडलं आहेत. त्यांचा मान मोठा आहे, पण त्यांना भत्ता नाही. पुस्तकातला शब्द सुधारला तरी पेन्शनीत एक रुपयाही वाढत नाही. एवढं एक मला त्या दिवशी माहीत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

फॉर्म आणि स्टँपचे म्हणून 5,500 घेतले. महिन्याभराने जुनं रेकॉर्ड शोधण्याची फी म्हणून 12,000. दोन्ही रोख, पावती नाही. पहिल्याच वेळी डिस्चार्ज बुकही नेलं, “मूळ प्रतीवरच शिक्का बसतो” म्हणून. आप्पांनी ट्रंक उघडली, पुस्तक रुमालात बांधलेलं होतं, ते रुमालासकट त्याच्या हातात दिलं. आई म्हणाली होती, आधी झेरॉक्स काढून ठेवा. आप्पा म्हणाले, फौजी फौजीला फसवत नाही.

मार्चच्या शेवटी तो एक पत्र आणि मखमली डबी घेऊन आला. डबीत चकचकीत पूर्वी स्टार. आप्पांचे हात थरथरत होते. पत्रात एरियर्स मंजूर झाल्याचं लिहिलेलं, फक्त त्यावरचा टॅक्स आधी भरायचा होता, 18,500. आप्पांनी मला फोन केला. त्यांचा आवाज इतका आनंदात मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो हप्ता मीच फोनवरून पाठवला. खातं एका बाईच्या नावाचं होतं, ते मला दिसलं आणि तरी पाठवला.

दोन दिवसांनी त्याचा मला फोन आला. आप्पांच्या पेन्शनीच्या ‘स्पर्श’ या सरकारी ऑनलाइन खात्याला माझा मोबाईल जोडलेला आहे. “ताई, एक ओटीपी आलाय बघा, तेवढा सांगा.” मेसेज उघडला तर तो मोबाईल नंबर बदलण्यासाठीचा होता. एरियर्स जमा करायला नंबर कशाला बदलायचा? मी काही न बोलता फोन ठेवला आणि रात्रीच्या एसटीने गाव गाठलं.

पत्र हातात घेतल्यावर पाच मिनिटांत कळलं. आप्पांचा हुद्दा ‘हवालदार’ लिहिलेला. तारीख 16 मार्च 2025. भिंतीवरचं कालनिर्णय काढून बघितलं तर तो रविवार. मग आप्पांनी स्वतःच ट्रंकेतून संग्राम मेडल काढलं. त्यावर त्यांचा नंबर आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेलं आहे. चष्मा लावून त्यांनी नवा स्टार उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तो बाजारात मिळणारा होता. आप्पांनी तो परत डबीत ठेवला, डबी माझ्याकडे सरकवली आणि अंगणात जाऊन बसले.

त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण मधले दिवस गेले होते आणि पैसे त्या खात्यातून निघून गेले होते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला हा नंबर लावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार दिली आहे. आप्पा यायला तयार नव्हते, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही म्हणत होते. मी म्हटलं, आप्पा, लाज त्याला वाटायला हवी. तेव्हा जुना कोट घालून आले.

आणि आता जे आधीच करायला हवं होतं ते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. एक पैसा लागला नाही. अर्ज ज्याच्या त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि काय चुकलं आहे ते साध्या भाषेत लिहायचं, सोबत पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) आणि ओळखपत्राची प्रत जोडायची. शेवटी खरं काय ते डिस्चार्ज बुकावर ठरत नाही, ऑफिसकडच्या सर्व्हिस रेकॉर्डवर ठरतं. त्या नोंदींची प्रत माहिती अधिकारात मागता येते, फी 10 रुपये. आम्ही तीही मागितली आहे. मूळ पुस्तक ऑफिसने लेखी मागितलं तरच, स्पीड पोस्टाने, प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवून पाठवायचं. आमच्याकडे पाठवायला पुस्तकच नाही. त्यामुळे पोलिसांचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून आधी दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करावा लागला.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आप्पांच्या कंपनी कमांडरने दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या कुठल्याच दुसऱ्या प्रतीत येणार नाहीत. आप्पांना त्या पाठ आहेत. मी त्या वहीत उतरवून घेतल्या.

16 डिसेंबरला गावात विजय दिवस झाला. आप्पा छातीला एकटं संग्राम मेडल लावून गेले, आणि फलकाजवळ उभ्या असलेल्या 71 च्या दोघांना त्यांनी स्वतःहून सगळी हकीकत सांगितली. त्यातला एक म्हणाला, तो माणूस माझ्याकडेही येऊन गेला, पुढच्या महिन्यात परत येणार आहे.

त्या काकांचा फोन नंबर त्याच संध्याकाळी आम्ही पोलिसांना दिला.