स्क्रम की कानबान? आधी काम कसं येतं ते पाहा

सॉफ्टवेअरचं काम आखायच्या या दोन पद्धती. स्क्रममध्ये ठरावीक दिवसांचा एकेक टप्पा (स्प्रिंट) धरून त्याचं काम आधी ठरवतात; कानबानमध्ये कामांची कार्डं बोर्डावर लावून काम येईल तसं उचलतात. इंदुरात सात-आठ जणांची टीम सांभाळत असाल आणि दोन्हींपैकी एक निवडायचं असेल, तर पहिला प्रश्न हा: ठरवलेलं काम दोन आठवडे, मध्येच कुणी हात न घालता, चालू राहील का?

समजा, सियागंजातल्या ठोक व्यापाऱ्यासाठी ऑर्डरचं अ‍ॅप नव्यानं बनवताय. नेमकं काय हवंय ते त्यालाही पुरतं ठाऊक नाही, थोडं बनवून दाखवावं लागणार. इथे स्क्रम. तेच अ‍ॅप सुरू झालं आणि रोज ‘बिल निघत नाही’ असे फोन येऊ लागले, तर कानबान. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना दुकानदाराला पुढच्या स्प्रिंटपर्यंत थांबवता येत नाही.

स्क्रमला वेळ लागतो, तो आधी मोजा. 2020 च्या स्क्रम गाइडप्रमाणे (स्क्रमची अधिकृत नियमपुस्तिका) महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंग (काम ठरवणं) जास्तीत जास्त 8 तास, रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणं) 4, रेट्रोस्पेक्टिव्ह (काम कसं झालं याचा आढावा) 3, आणि डेली स्क्रम (टीमची छोटी बैठक) रोज 15 मिनिटं. दोन आठवड्यांसाठी पहिल्या तिन्हींचे निम्मे तास धरा, डेलीचे अडीच मिळवा: माणशी 10 तास. सहा डेव्हलपरांचे 60 दिवस कागदावर दिसतात, त्यातले साडेसात (60 तास, दिवसाला 8 धरून) इथेच गेले. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) रात्रभर चालतात, रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) असते. त्या दिवसांची हजेरीही प्लॅनिंगलाच वजा करा, नाहीतर स्प्रिंट पहिल्या दिवसापासूनच खोटी असते.

स्क्रम बिघडतं ते बहुतेक प्रॉडक्ट ओनरपाशी, म्हणजे आधी काय बनवायचं ते ठरवणाऱ्यापाशी. हा एकच माणूस असावा आणि त्याचा शब्द चालावा. सेठजी परस्पर डेव्हलपरला फोन करून ‘एवढं आजच टाका’ म्हणत असतील, तर स्प्रिंट गोलला (त्या स्प्रिंटच्या उद्दिष्टाला) अर्थ उरत नाही. नवी मागणी प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये (पुढे करायच्या कामांच्या यादीत) जाते. गोलच निरर्थक झाला, तर स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरला आहे.

दुसरी अडचण ‘झालं’ या शब्दाची. पेमेंटची स्क्रीन झाली म्हणजे काय? कोड दुसऱ्यानं तपासला, स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर मंद नेटवर चालवून पाहिला, अडलेलं पेमेंट दोनदा कापलं जात नाही याची खात्री केली, मग झालं. हे आधी लिहून ठेवा. ‘नव्वद टक्के झालंय’ असलेलं काम रिव्ह्यूत दाखवू नका.

कानबानमध्ये ना स्प्रिंट, ना ठरलेल्या भूमिका. म्हणून ते सोपं वाटतं, आणि लोक बोर्ड लावून एका वेळी किती कामं उघडी ठेवायची ती मर्यादा विसरतात. खरं काम मर्यादाच करते. 12 कार्डं उघडी असतील आणि रोज 3 संपत असतील, तर एका कार्डाला सरासरी 4 दिवस लागतात. त्याच वेगानं 6 च उघडी ठेवली तर 2 दिवस. टेस्टिंगची मर्यादा 3 असेल आणि तिन्ही जागा भरल्या असतील, तर डेव्हलपरनं नवं कार्ड उचलायचं नाही, टेस्टिंगला बसायचं. सुरुवातीला याची चिडचिड होते. तरी मर्यादा वाढवू नका. कामं कुठे तुंबतात ते याच रांगेत दिसतं.

नवं बांधकाम आणि सपोर्ट दोन्ही त्याच माणसांकडे असेल, तर दर स्प्रिंटला पाळीपाळीनं सहापैकी दोघांना सपोर्टच्या बोर्डावर बसवा आणि प्लॅनिंगमध्ये फक्त उरलेल्या चौघांचे दिवस मोजा.