पनेटची चौकट की थेट गुणाकार?

पुतणीने विचारलं, "काका, आनुवंशिकतेच्या गणितात चौकट आखू की गुणाकार करू?"

पनेटची चौकट म्हणजे दोन कडांना दोन्ही पालकांची युग्मकं (प्रजनन पेशी) मांडून घराघरांत संततीतल्या जनुकांच्या जोड्या भरायचा तक्ता; गुणाकार म्हणजे प्रत्येक गुणाची शक्यता काढून त्या शक्यता गुणायच्या. एका गुणासाठी, म्हणजे उंचीसारख्या एका लक्षणासाठी, वेळेत फरक नाही. दोन संकरित (उंच आणि बुटकं, दोन्ही जनुकं असलेल्या) उंच वाटाण्यांचा संकर म्हणजे चार घरं: तीन उंच, एक बुटका. पण दोन गुणांना 16 घरं लागतात, तिनांना 64, आणि एवढी भरताना एखादं अक्षर हमखास चुकतं. दोन्ही पालक तिन्ही गुणांत संकरित असतील, तर तिन्ही अप्रभावी गुण (बुटकेपणासारखे, जोडीतली दोन्ही जनुकं तीच असली तरच दिसणारे) दिसण्याची शक्यता गुणाकाराने एका ओळीत निघते: 1/4 × 1/4 × 1/4 = 1/64.

समजण्याच्या बाबतीत मात्र माझं मत चौकटीलाच. जनुकांची जोडी युग्मकांत फुटते आणि फलनात नव्याने जुळते, हे तिथे डोळ्यांना दिसतं. सूत्र पाठ केलेल्या मुलांना हा 1/4 आला कुठून ते सांगता येत नाही, याचं वाईट वाटतं.

जनुकं एकाच गुणसूत्रावर (पेशीतल्या जनुकं असलेल्या धाग्यावर) एकमेकांच्या जवळ असली, तर ती बहुतेकदा एकत्रच पुढे जातात, म्हणून मात्र साधा गुणाकार फसतो. चौकटही फसते, प्रत्येक युग्मकाचं प्रमाण कडेला लिहिलं तरच ती चालते.

नव्याने शिकताना, एक-दोन गुणांपुरती चौकट आख. गुण तीन किंवा जास्त असतील आणि एकाच प्रकारच्या संततीची शक्यता विचारली असेल, तर गुणाकार कर.