‘सुपरझूम अशीच असते ताई’: सव्वीस हजारांना पडलेली लेन्स

गेल्या दिवाळीनंतर मी एक सेकंडहँड लेन्स घेतली आणि फसले. २६,००० रुपये रोख दिले. फिरायला जाताना ‘एकच लेन्स, सगळ्याला चालेल अशी’ शोधणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. ज्या एका वाक्याने मला गप्प बसवलं तेच वाक्य त्यांनाही ऐकवलं जाईल, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझा कॅमेरा निकॉनचा डी ५६००. त्याच्याबरोबर आलेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ७०-३०० अशा दोन लेन्स घेऊन मी हिंडायचे (आकडे मिलिमीटरचे: लहान आकड्यावर जास्त परिसर मावतो, मोठ्यावर लांबचं जवळ दिसतं). देवळाशी पोचलं की आधी अख्खं गोपूर हवं, मग त्यावरची एखादी मूर्ती. तेवढ्यासाठी धुळीत उभं राहून लेन्स काढायची, दुसरी लावायची, तोवर बरोबरची मंडळी पुढे गेलेली. जानेवारीत आईला हंपी दाखवायचं ठरलं. तिचा हात धरून चालायचं म्हणजे माझा एकच हात मोकळा. तेव्हाच दोन्हींचं काम एकटीने करणारी १८-३०० घ्यायचं पक्कं केलं. अशा लेन्सला सुपरझूम म्हणतात.

निकॉनच्या या आकड्याच्या दोन लेन्स आहेत. एक २०१२ची, एफ ३.५-५.६ (आत किती उजेड येऊ शकतो त्याचा आकडा), वजन ८३० ग्रॅम, पुढे ७७ मिमीचा फिल्टर (वरून चढवायची काच) बसतो. दुसरी २०१४ची, एफ ३.५-६.३, वजन ५५० ग्रॅम, फिल्टर ६७ मिमीचा. मला हलकी म्हणून दुसरी हवी होती. मुंबईत फोर्टमधल्या एका दुकानदाराने फोनवर सांगितलं, “आहे ना ताई, डब्यासकट आहे.” डबा खरोखरच दुसऱ्या लेन्सचा होता, पण आत पहिली होती. हातात घेतल्यावर जड लागली तसं मी बोललेही. “आत काच किती आहे बघा, जड असणारच,” तो म्हणाला आणि मला ते पटलं. डब्यावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी ताडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी घरी येऊन केलं.

त्याने लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्याला लावली, ट्यूबलाइटखाली १८ वर ठेवून समोरच्या कपाटाचे दोन फोटो काढले आणि स्क्रीनवर मोठे करून दाखवले. खोक्यांवरची बारीक अक्षरंही वाचता येत होती. मी ३०० वर बघायला मागितलं तेव्हा “इथे उजेड कमी आहे, हललेलाच येईल” असं उत्तर मिळालं. बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होतं. दोन पावलं बाहेर जाऊ या, असं माझ्या तोंडून निघालं नाही. पुढे चढवलेला यूव्ही फिल्टर काढून दाखवा म्हटलं, तर तो घट्ट बसला होता. “राहू दे, काचेला संरक्षण आहे.” बिल मागितलं, तर “सेकंडहँडला बिल नसतं”. हे धडधडीत खोटं आहे. दुकान असेल तर जुन्या वस्तूचंही बिल देता येतं आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घेता येतो.

हंपीत पहिल्या दिवशी काही कळलं नाही. विठ्ठल मंदिराच्या आवारात, पन्नासच्या नोटेवर असतो त्या दगडी रथापुढे आईचे फोटो काढले. ऊन पाठीशी होतं, फोटो बरे आले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मातंग टेकडी चढले. आईचे गुडघे त्या पायऱ्यांना तयार नव्हते. “वरून काय दिसतं ते मला दाखव,” असं सांगून ती खोलीवरच थांबली. सूर्य समोरून वर आला आणि खाली अच्युतरायाचं देऊळ उजळलं. मी १८ पासून ३०० पर्यंत फोटो घेत गेले. प्रत्येक फोटोवर ताकाचा हात फिरवल्यासारखा पांढुरका थर. मला वाटलं, धुकं आहे. शेजारी बसलेल्या मुलाने फोनवर काढलेला फोटो दाखवला. त्यात तेच देऊळ, एकेक खांब सुटा दिसत होता.

खाली आले तेव्हा आई वाट बघत होती. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, “एवढं अंधूक का गं?” मला उत्तर देता आलं नाही.

परत आल्यावर दुकानदाराला फोन केला. तेव्हा ते वाक्य आलं: “सुपरझूम अशीच असते ताई. एका लेन्समध्ये सगळं पाहिजे तर एवढं चालवून घ्यावं लागतं.” दोन आठवडे मी ते मान्य करून बसले, कारण त्यात अर्धं खरं होतं. अशा लेन्समध्ये १८ वर सरळ कडा बाहेर फुगतात, ३०० वर धार थोडी मऊ होते, कोपरे मधल्या भागाइतके स्वच्छ येत नाहीत. पण हा मऊपणा चारी कोपऱ्यांत साधारण सारखा असतो आणि अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, एफ ८ पर्यंत लहान केलं की बराच सुधारतो. एकच बाजू फुसकी येत असेल तर आतलं भिंग सरकलेलं असण्याची शक्यता मोठी. आणि उजेड समोरून आला की सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा येत असेल, अपर्चर लहान करूनही जात नसेल, तर तो सुपरझूमचा स्वभाव नव्हे. तो त्या नगाचा रोग आहे.

शेवटी एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी फिल्टरला रबराचा पट्टा गुंडाळून तो हळूहळू सोडवला, लेन्स ३०० पर्यंत लांबवली आणि मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. पुढच्या काचेच्या मागे, मधोमध, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे फुटलेले होते. फंगस, म्हणजे बुरशी. दमट जागी बंद पडून राहिलेल्या लेन्सला हे होऊ शकतं आणि झूम करताना पुढेमागे होणारी नळी बाहेरची हवा आत ओढते, त्यामुळे अशा लेन्सना जरा जास्तच जपावं लागतं. या लेन्समध्ये १९ भिंगं आहेत. काका म्हणाले, “धागे पुसता येतील, पण काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर ते परत येत नाही. आणि उघडल्यावर सगळी पहिल्यासारखी जुळतीलच, असा शब्द मी देणार नाही.” फक्त फिल्टर सोडवल्याचे त्यांनी पैसेही घेतले नाहीत.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला: बिल आहे का? पैसे बँकेतून गेले आहेत का? दोन्हीला माझं उत्तर नाही होतं. यूपीआयने दिले असते तर निदान तारीख आणि नाव तरी हातात राहिलं असतं.

दुकानात समोरासमोर गेले तेव्हा त्याने टॉर्चच्या उजेडात बघितलंही नाही. म्हणजे त्याला आधीच माहीत होतं. “नऊ हजारांत परत घेतो,” म्हणाला. मी विचारलं, मग तुम्ही हिचं काय करणार? “गिऱ्हाईक मिळतं ताई.”

लेन्स मी घेऊन आले. बाकीच्या लेन्सपासून वेगळ्या डब्यात ठेवली आहे आणि वर कागद चिकटवला आहे: ‘आत फंगस आहे. विकायची नाही.’