गोलाईत पिझ्झा आणतो म्हणाले आणि आमच्याकडूनच पैसे घेऊन गेले

लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, जालना, हिंगोली, कुठल्याही जुन्या बाजारपेठेत तुमची स्वतःची जागा असेल आणि "मोठ्या हॉटेल कंपनीला तुमची जागा पसंत पडली आहे" असं सांगत कुणी दारात आलं, तर एक रुपयाही देण्याआधी हे वाचा. आमच्या घरातून यात साडेसहा लाख गेले. शेजारच्या जागामालकांचे गेले. आणि ज्यांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, त्या खानावळी चालवणाऱ्या बायांचेही गेले.

आमचं कापडाचं दुकान गंजगोलाईत, आजोबांपासूनचं. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, मध्ये अंबाबाईचं मंदिर, भोवती १९१७ साली बांधलेली गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी ही पेठ. सोन्यापासून मिरचीपर्यंत सगळं इथं मिळतं. मिळत नाही ते चार माणसांनी निवांत बसून खायचं ठिकाण. निलंगा, औसा, चाकूर, रेणापूरकडून लग्नाचा बस्ता बांधायला पंधरा-वीस माणसं येतात, त्यात म्हाताऱ्या असतात, लेकुरवाळ्या असतात. दुपार झाली की "इथं जवळ जेवायला कुठं बरं आहे?" हा प्रश्न ठरलेला. आम्ही कुणाला तरी सोबत देऊन त्यांना दुसऱ्या रस्त्याला पाठवतो, आणि गेलेलं गिऱ्हाईक कधी कधी परत येतच नाही. शिकायला आलेली हजारो पोरं या शहरात राहतात, पण त्यांची संध्याकाळ ट्युशन एरियात नाहीतर औसा रोडला जाते. कॅफे, पिझ्झा, बर्गर, जे काही नवं निघतं ते तिकडंच निघतं. रात्री शटर पडली की गोलाईत सामसूम.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे आमची गरज खोटी नव्हती. बाजारात खाण्यापिण्याची दुकानं यावीत, त्यात एखादी नाव असलेली साखळी असावी आणि तिच्या जोडीला आपली निलंगा राईसवाली, सुशीला (मुरमुऱ्याचा नाश्ता) आणि भजीवाली माणसंही असावीत, हे इथले व्यापारी कितीतरी दिवसांपासून बोलत होते. त्या माणसानं नेमकं तेच ऐकलं आणि तेच आम्हाला परत विकलं.

तो स्वतःला एका नामांकित पिझ्झा साखळीचा जागा निवड अधिकारी म्हणवायचा. साखळीचं नाव मी लिहीत नाही, कारण तिचा यात काडीचा संबंध नाही, तिचं नुसतं नाव वापरलं गेलं. गळ्यात ओळखपत्र, हातात लॅपटॉप, बोलणं मृदू. पहिल्यांदा आला तेव्हा पैशाचा विषयही काढला नाही. एक पोरगा कोपऱ्यावर उभा करून त्याच्याकडून दिवसभर येणारी-जाणारी माणसं मोजून घेतली. मग आमच्या चुलत्यांना, म्हणजे अण्णांना, लॅपटॉपवर चित्र दाखवलं. आमच्या दुकानाच्या दर्शनी भागावर झगमगता फलक, आत काच, बाहेर बसायला बाकं. मागच्या चौकात आणि वरच्या मजल्यावर गावातल्या पदार्थांचे काउंटर. "अण्णा, आपल्याला नुसता पिझ्झा नाही आणायचा. लातूरची चव पण राहिली पाहिजे," असं म्हणाला. या वाक्यावर त्या बैठकीतली सगळी माणसं त्याची झाली.

अण्णांनी सरळ विचारलं, "आपल्याला भाडं किती मिळंल?"

"महिन्याला एक लाख दहा हजार, नऊ वर्षांचा करार. फक्त जागा आपल्या नावानं लॉक करायला साइट अप्रूव्हल फी भरावी लागते. ती पहिल्या भाड्यात वळती होते, त्यामुळं खिशातून काही जात नाही."

पंच्याऐंशी हजार. नंतर अग्निशमनाच्या ना-हरकतीसाठी परत मिळणारी अनामत म्हणून एक लाख पासष्ट हजार. नंतर ओव्हन आणि शीतगृहाच्या यंत्रांचा निम्मा आगाऊ हिस्सा, चार लाख. दर वेळी आधीच्या रकमेची पावती यायची, कंपनीच्या नावाच्या ईमेलवरून अभिनंदनाचं पत्र यायचं, आणि थोड्याच दिवसांत पुढची मागणी यायची. अण्णा जरा थांबले की, "नांदेडच्या वजिराबादला जागा तयार आहे, गुरुवारपर्यंत तुमचं नक्की झालं नाही तर वरिष्ठ तिकडं देऊन टाकतील." आपल्याकडं लातूर आणि नांदेडची चढाओढ किती जुनी आहे ते त्याला चांगलं माहीत होतं.

ओव्हन घेऊन येणारी गाडी आली नाही. फोन आधी लागायचा नाही, मग बंद झाला. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे, म्हणून मी तिचा वार्षिक अहवाल उघडला, त्यातल्या मुख्य कार्यालयाच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की आम्ही फ्रँचायझी (आमच्या नावानं शाखा चालवायचा हक्क) देत नाही, जागामालकाकडून कसलीही फी घेत नाही, आणि या नावाचा माणूस आमच्याकडं नाही. त्यांच्या बोलण्यावरून कळलं की असे फोन त्यांना नेहमीचेच आहेत.

आता जे मला पोटतिडकीनं सांगायचं आहे ते हे. साखळी हॉटेल तुमच्या जागेत भाड्यानं येतं, तेव्हा पैसा त्यांच्याकडून तुमच्याकडं येतो. अनामत ते देतात, भाडं ते देतात, आतली सजावट आणि यंत्रं ते स्वतःच्या खर्चानं बसवतात. भारतात डॉमिनोजची दुकानं जुबिलंट फूडवर्क्स ही कंपनी चालवते. पश्चिम आणि दक्षिण भारतातलं मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफ चालवते. स्टारबक्स २०१२ पासून टाटांच्या भागीदारीत आहे. केएफसी आणि पिझ्झा हटची दुकानं देवयानी आणि सफायर अशा मोठमोठ्या कंपन्यांकडं आहेत. गावातल्या कापड दुकानदाराला एक शाखा विकणं हा यांचा धंदा नाही. तेव्हा जागा तुमची, भाडेकरू ते, आणि तरी पैसे तुम्हीच भरायचे, असा उलटा हिशेब कुणी मांडला तर बोलणं तिथंच थांबवा. मग ती फी असो, अनामत असो की परत मिळणारी रक्कम असो.

चहा, वडापाव, ज्यूस, बिर्याणीच्या कितीतरी साखळ्या मात्र खरोखरच फ्रँचायझी देतात आणि तिथं पैसे आपल्यालाच भरावे लागतात. तिथं जास्त जपावं लागतं. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही, सगळा व्यवहार १८७२ च्या करार कायद्यावर चालतो. म्हणजे कागदावर जे लिहिलंय तेवढंच तुमचं. सोलापूरला, बार्शीला, जिथं कुठं त्यांची शाखा चालू आहे तिथं स्वतः जाऊन मालकाशी बोला. त्यांनी दिलेल्या क्रमांकावर फोन करून "समाधानी मालकाशी" बोलणं उपयोगाचं नाही, तो क्रमांकही त्यांच्याच माणसाचा असू शकतो. अमूलच्या नावानं फ्रँचायझी वाटणाऱ्या खोट्या संकेतस्थळांचा एवढा सुळसुळाट झाला की २०२० मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं ती संकेतस्थळं बंद करायचे आदेश दिले. एवढ्या मोठ्या संस्थेवर ही वेळ येते, तर खोटं पत्र बनवणं किती सोपं असेल याचा विचार करा.

आम्हाला आलेलं बिल आमच्या सीएंनी हातात घेतलं आणि मिनिटभरात बाजूला ठेवलं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, उत्तर प्रदेशाचे ०९, दिल्लीचे ०७. पत्रावर पत्ता नोएडाचा, म्हणजे उत्तर प्रदेशातला, आणि क्रमांक सुरू होत होता ०७ नं. पुढची दहा अक्षरं पॅनची असतात. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, कंपनी असेल तर इंग्रजी 'सी' असतं आणि एकट्या माणसाचं असेल तर 'पी'. आमच्या बिलावर 'पी' होतं. शेअर बाजारातल्या कंपनीच्या नावाचं बिल आणि क्रमांक कुण्या एका माणसाचा! पैसे ज्या खात्यात गेले तेही कुठल्याशा एंटरप्रायझेसचं चालू खातं. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही हा क्रमांक टाकून नाव बघता येतं, त्याला पैसे पडत नाहीत, लॉगिनही लागत नाही.

करार पाचशेच्या बाँडवर नोटरी केलेला. महाराष्ट्रात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. खरी कंपनी नऊ वर्षांचा व्यवहार नोटरीवर करत नाही. ती दुय्यम निबंधकाकडं येते.

नंतर औसा रोडला एका मित्राच्या जागेची खरीखुरी पाहणी झाली, तेव्हा मी मुद्दाम तिथं जाऊन उभा राहिलो. दोघं जण आले होते. फलकाचं, झगमगाटाचं बोलणंच नाही. थ्री फेजचा लोड किती मंजूर आहे, भटारखान्याचा धूर कुठून वर काढणार, छताची उंची किती, सांडपाण्याच्या गटारीचा उतार कुठं, पोरांच्या डिलिव्हरी गाड्या कुठं लागणार. टेप लावून दर्शनी रुंदी मोजली, खांब मोजले. मग मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि घरपट्टीची पावती मागितली. भाड्याचं बोलताना मिनिमम गॅरंटी म्हणजे ठरलेलं कमीत कमी भाडं, विक्रीवरचा टक्का, लॉक-इन म्हणजे करार न मोडायचा काळ किती वर्षांचा, काम चालू असताना भाडं किती महिने माफ, असल्या गोष्टी. एका फीचंही नाव नाही. आमच्याकडं आलेल्या माणसानं यातलं एकही विचारलं नव्हतं. आमच्या जागेचा जुना लाकडी माळा बघूनसुद्धा भट्टी कुठं ठेवणार हे त्याच्या तोंडून आलं नाही. त्यानं फक्त समोरून फोटो काढले.

खानावळवाल्या बायांचं सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. एक मावशी पोरांचे डबे करतात. त्यांच्या घरी जाऊन त्यानं निलंगा राईस खाल्ला, दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि वरच्या मजल्यावरच्या काउंटरसाठी साठ हजार आणि फूड लायसन्सचे वेगळे साडेसात हजार घेतले, तेही रोख. लायसन्सचे पैसे तर निव्वळ लुबाडणूक होती. मावशींच्या भिंतीवर अन्नसुरक्षा नोंदणीचा कागद आधीपासूनच चौकटीत लावलेला होता. ती नोंदणी फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर स्वतः करता येते. साठ हजार बचत गटाच्या कर्जाचे. पावती कुठल्याही स्टेशनरीत मिळते तसल्या पुस्तकातली, त्यावर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का आणि न वाचता येणारी सही. आमच्या बँकेतून गेलेल्या पैशाला निदान यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराची बँकेतली नोंद, आहे. मावशींच्या हातात तो कागदच. बाजारात काहीजण "त्या बाईनं एवढे पैसे दिलेच कसे" म्हणाले. माझा त्यांना एकच सवाल आहे. ज्या बैठकीत पेढीवरचे शेठ लोक मान डोलावत होते, त्या बैठकीवर तिनं विश्वास ठेवला, यात तिचं काय चुकलं?

पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. जितका उशीर, तितके पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पांगतात. आमचे चार लाख गेले त्या खात्यात बँकेनं गोठवलं तेव्हा एकोणीस हजार उरले होते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं काही पुसू नका, त्यानं आधी पाठवलेली चित्रं, आवाजी निरोप, सगळं ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, ३१९ दुसऱ्याचं सोंग घेऊन केलेल्या फसवणुकीचं. खोटी पत्रं, शिक्के असतील तर तेही तक्रारीत स्वतंत्र लिहा. माणूस कुठला, गुन्हा कुठं घडला यावरून पोलीस ठाण्याची हद्द काढत बसू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. रोख दिलेल्यांनीही यावं. मावशींचा आणि आमचा जबाब एकाच तक्रारीत आहे, आणि बैठकीला हजर असलेले लोक त्यांचे साक्षीदार आहेत.

गेल्या काही दिवसांपासून आणखी एक प्रकार सुरू झालाय. तक्रार केलेल्यांना फोन येतात. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे मिळालेत, सोडवून घ्यायला दहा टक्के प्रक्रिया शुल्क भरा." आपलं नाव, गेलेली रक्कम, तारीख सगळं त्यांना ठाऊक असतं. अण्णांना असा फोन आला तेव्हा क्षणभर त्यांचा चेहरा उजळला होता. पोलीस अडकलेले पैसे परत द्यायला फी घेत नाहीत. गोठवलेली रक्कम नियमाप्रमाणे बँकेतून थेट खात्यावर येते. असा फोन आला तर क्रमांक लिहून घ्या आणि तपास अधिकाऱ्याकडं जाऊन आधीच्या तक्रारीला जोडायला सांगा. आमच्या तक्रारीला आम्ही ते जोडले आहेत. नांदेडला, वजिराबादला खरोखरच कुणी त्याला पैसे दिले असतील, तर त्यांनी आपल्या तक्रारीत लातूरला असा गुन्हा दाखल असल्याचं जरूर लिहावं, म्हणजे दोन्हीकडचा तपास एकत्र होईल.